घरांतील विज्ञान : तुपाची धार आणि पेशींतील पोथी

अन्नावरून ज्या घरांत कधींच वाद होत नाहीं असें घर आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि ज्या घरांत तीन पिढ्या एका पंक्तीस बसतात तेथें तर हा वाद नित्याचाच असतो. मीठ कमी कीं अधिक, भात मऊ कीं मोकळा, ह्या प्रश्नांचा निकाल पंक्ति उठेपर्यंत लागून जातो. परंतु हल्लीं घरोघर एक वाद असा शिरला आहे कीं, त्याचा निकाल वर्षानुवर्षें लागत नाहीं. तो म्हणजे तूप आणि तेल ह्यांचा. गेल्या वर्षीं ह्या वादानें आमच्याही घरांत ठाण मांडलें, आणि त्याचें कारण हंसण्यावारी नेण्याजोगें नव्हतें. म्हणून ह्या महिन्याचें हें सदर आम्ही त्यासच देत आहों.

गेल्या वैशाखांत आमच्या थोरल्या बंधूंच्या छातींत एकाएकीं कळ आली. उपचार वेळेवर झाले. हृदयाची एक रक्तवाहिनी फुग्यानें रुंद करून तींत जाळीची बारीक नळी बसविण्यांत आली, आणि आठवड्याभरांत बंधू आपल्या पायांनीं चालत घरीं आले. साऱ्या घरास जणूं पुनर्जन्म मिळाला. परंतु त्याच संध्याकाळीं आमच्या वहिनींनीं साजूक तुपाची बरणी फडताळांतून काढून माळ्यावर ठेविली, आणि दुसऱ्या दिवशीं कोणाच्याच वरणभातावर तुपाची धार पडली नाहीं. मातोश्रींचें वय सत्त्याऐंशी. त्यांनीं पानाकडे पाहिलें, आणि हात थांबवून त्या म्हणाल्या,

“सूनबाई, अन्नशुद्धीवांचून पान वाढलेंस? तुझे मामंजी एकोणनव्वद वर्षें जगले, ते काय तेल पिऊन?”

“आई, मामंजी रोज पहाटे नदीपर्यंत चालत जात. ह्यांना कचेरींत दहा तास खुर्चीवर बसावें लागतें,” वहिनी डोळ्यांस पदर लावून म्हणाल्या. “तुमच्या मुलासाठींच करितें आहें मी हें सारें.”

ह्यावर मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. पण त्या दिवशीं त्यांचें जेवण अर्धेंच झालें. ह्या दोन पक्षांत एक तिसरा जीव सांपडला होता. आमच्या पुतण्याच्या पत्नीस तेव्हां सहावा महिना होता. वडिलांसमोर ती बोलली नाहीं, मागाहून आमच्या खोलींत येऊन हळूच म्हणाली, “काका, बाबांचें पथ्य आम्हां सर्वांनाच लागू आहे कां? ह्या दिवसांत मीं काय खावें, हें कोणास विचारूं?” तिचा प्रश्न आमच्या मनास लागला. आणखी एक गोष्ट आमच्या नजरेस आली, ती सांगितलीच पाहिजे. ज्या फडताळांतून तुपाची बरणी हद्दपार झाली, त्याच फडताळांत दुपारच्या चहाबरोबर खावयाच्या खारीचा डबा पूर्वीसारखाच भरलेला होता.

आम्ही कांहीं वैद्य नव्हों. परंतु घरांत लिहिणारावाचणारा म्हणून मध्यस्थी आमच्याकडे आली, तेव्हां आम्हीं ह्या विषयावरील ग्रंथ चाळले, जाणत्या डॉक्टरांशीं बोललों, आणि आमच्या असें ध्यानांत आलें कीं, सासू व सून ह्या दोघीही स्निग्ध पदार्थांकडे केवळ सरपण म्हणून पाहत आहेत. एकीच्या मतें तें सरपण बळ देतें, दुसरीच्या मतें तें नळ्यांत साचतें. गेल्या चाळीस वर्षांतील शास्त्राचें म्हणणें ह्याहून पुढचें आहे. तुपातेलांतील द्रव्यें सरपण तर होतातच. शिवाय तीं शरीराच्या पेशींस निरोप पोंचवितात, आणि त्या निरोपाप्रमाणें पेशींतील जनुकें जागीं होतात वा झोंपीं जातात.

प्रथम सरपणाविषयीं. एक ग्रॅम तूप वा तेल ह्यांपासून शरीरास सुमारें ९ कॅलरी मिळतात, तितक्याच साखरेपासून सुमारें ४. परंतु स्निग्ध पदार्थांचें महत्त्व एवढेंच असतें, तर त्यांवांचून नुसत्या भाकरीवर मनुष्याचें भागावयास हवें होतें. तसें भागत नाहीं, हें १९२९ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर ह्या पतिपत्नींनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें. त्यांनीं उंदरांस पोटभर अन्न दिलें, पण त्यांतील स्निग्ध अंश अगदीं काढून टाकिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीस खवले आले, शेपट्या झडूं लागल्या, मूत्रपिंडें बिघडलीं, आणि शेवटीं ते मरूं लागले. पुढें त्यांच्या अन्नांत लिनोलेइक नांवाचें एक मेदाम्ल थोडेंसें घालतांच ते सुधारले. तात्पर्य, कांहीं मेदाम्लें शरीरास स्वतः बनवितां येत नाहींत. जीवनसत्त्वांप्रमाणें तीं अन्नांतूनच यावीं लागतात.

येथें दोनचार शब्दांची ओळख करून देणें अवश्य आहे. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या परमाणूंची लांबट सांखळी. तिच्या प्रत्येक कडीस हायड्रोजन पुरता भरलेला असेल तर तें मेदाम्ल संपृक्त, आणि एक वा अनेक ठिकाणीं जागा रिकामी असेल तर असंपृक्त. तुपांतील साठ टक्क्यांहून अधिक, आणि खोबरेलांतील सुमारें नव्वद टक्के मेदाम्लें संपृक्त असतात. म्हणूनच तीं थंडींत थिजतात. शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल ह्यांच्या तेलांत असंपृक्तांचा भरणा अधिक. ह्या असंपृक्तांत पुन्हां दोन घराणीं शरीरास अत्यावश्यक आहेत. ओमेगा-६ ह्या घराण्याचा मूळ पुरुष वर सांगितलेलें लिनोलेइक आम्ल. तें करडईच्या व सूर्यफुलाच्या तेलांत विपुल आहे. ओमेगा-३ घराण्याचें मूळ आम्ल आपल्या नित्याच्या तेलांत फारसें नसतें. तें जवसांत मात्र इतकें आहे कीं, जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो.

आतां निरोपाची गोष्ट. मनुष्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकांत सुमारें २० हजार जनुकें असतात, आणि त्यांतील प्रत्येक जनुक म्हणजे एखादें प्रथिन कसें बनवावें ह्याचा लेख होय. यकृताच्या पेशींत आणि डोळ्याच्या पेशींत हा लेखसंग्रह एकच असतो. मग यकृत पित्त कां करितें आणि डोळा प्रकाश कां ओळखतो? घरांतल्या पोथीचें उदाहरण घ्यावें. पोथी एकच, पण कोणत्या दिवशीं कोणता अध्याय वाचावयाचा हें ठरलेलें असतें, आणि बाकीचे अध्याय त्या दिवशीं मिटलेलेच राहतात. प्रत्येक पेशीही आपल्या पोथींतील ठराविक अध्याय उघडते. आहारामुळें पोथींतील अक्षरें बदलत नाहींत, हें वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावें. बदलतो तो उघडावयाचा अध्याय.

हा अध्याय उघडण्याचें काम पेशींतील कांहीं विशिष्ट प्रथिनें करितात. १९९० सालीं इझाबेल इसेमान आणि स्टीफन ग्रीन ह्या संशोधकांस उंदरांच्या यकृतांत असें एक प्रथिन सांपडलें. कांहीं औषधें दिलीं असतां उंदरांच्या यकृतांतील पेरॉक्झिसोम नांवाचे सूक्ष्म घटक वाढतात. तें कां, ह्याचा शोध घेतांना तें हातीं लागलें, आणि त्यावरूनच त्याचें लांबलचक नांव पडलें. संक्षेपानें त्यास पीपीएआर म्हणतात. थोड्याच वर्षांत असें दिसून आलें कीं, औषधांची जागा आपल्या अन्नांतील मेदाम्लेंही घेऊं शकतात. मेदाम्लाचा कण ह्या प्रथिनाच्या खोबणींत बसला कीं, तें प्रथिन जनुकांच्या लेखावर योग्य जागीं चिकटतें, आणि चरबी जाळण्याचे अध्याय उघडले जातात. ह्या प्रथिनांचे तीन प्रकार आतां ठाऊक आहेत. यकृतांतील प्रकार चरबी जाळावयास लावतो; चरबीच्या ऊतकांतील प्रकार ती नीट सांठवावयास लावतो. मधुमेहावरील पायोग्लिटॅझोन हें औषध ह्या दुसऱ्या प्रकारावरच काम करितें. तेव्हां ज्या घरांत ती गोळी घेतली जाते, तेथें ह्या शोधाचा प्रवेश पूर्वींच झाला आहे असें समजावें.

हें प्रथिन आपल्या ओळखीच्या एका आचारांतही दृष्टीस पडतें. खरोखर निरशन केलें म्हणजे कांहीं तासांनीं शरीर आपली सांठविलेली चरबी सोडूं लागतें. तिच्यांतील मेदाम्लें यकृतांत येतात. तेथील पीपीएआर जागें होतें, आणि चरबी जाळणारीं प्रथिनें अधिक प्रमाणांत बनूं लागतात. मात्र साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शिंगाड्याचा शिरा, अशी जी एकादशी आमच्या घरीं होते, तिच्यानें हा अध्याय उघडण्याची आशा धरूं नये. एकादशी आणि दुप्पट खाशी, अशी म्हण ज्यानें केली त्यास शास्त्र ठाऊक नसेल, पण घरें ठाऊक होतीं. पिष्ट व साखर भरपूर पोटांत गेली कीं रक्तांत इन्सुलिन वाढतें, आणि यकृतांत एक निराळेंच प्रथिन जागें होऊन साखरेची चरबी करण्याचे अध्याय उघडतें. अनेक जागा रिकाम्या असलेलीं असंपृक्त मेदाम्लें ह्या प्रथिनास आवर घालतात. म्हणजे तेलाच्या निरोपानें यकृतांत चरबी बनण्यास आळा बसूं शकतो. अर्थात् तें तेल साखरेवर आणखी भर म्हणून ओतलें नसेल तर.

आतां आमच्या बंधूंच्या दुखण्याकडे वळूं. रक्तांतील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नांवाचे कण यकृतानें उचलून घ्यावे लागतात. त्यासाठीं यकृताच्या पेशींवर जणूं दरवाजे असतात. हे दरवाजे अमेरिकेंतील डॅलस येथें मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन ह्यांनीं शोधून काढले, आणि त्याबद्दल त्यांस १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें त्यांच्याच प्रयोगशाळेंत दरवाज्यांचा कारभारीही सांपडला. पेशींत कोलेस्टेरॉल पुरेसें असलें कीं हें प्रथिन बांधलेलें राहतें. तें कमी पडलें कीं त्याचा एक तुकडा कापला जाऊन केंद्रकांत जातो, आणि नवे दरवाजे बनविण्याचा हुकूम सुटतो. आमचे बंधू रोज रात्रीं स्टॅटिनची जी गोळी घेतात तिचा सारा मंत्र हाच आहे. ती यकृतांतील कोलेस्टेरॉल बनण्याचें काम रोखते. पेशीस टंचाई भासते. दरवाज्यांचें जनुक जागें होतें. आणि रक्तांतील कण आंत ओढले जातात. उलटपक्षीं, संपृक्त मेदाम्लें आहारांत फार झालीं कीं ह्या दरवाज्यांचें काम मंदावतें आणि रक्तांतील एलडीएल वाढतें. एका हातानें गोळी घ्यावी आणि दुसऱ्या हातानें वाटीभर तूप ओतावें, हें म्हणजे एकानें दार उघडावें आणि दुसऱ्यानें तें लोटावें, तसें होय. येवढ्यापुरता वहिनींचा पक्ष खरा ठरतो, हें आम्हीं मातोश्रींस स्पष्ट सांगितलें.

“पण उष्णता सारखी, मग फरक कशानें पडावा?” असें आमच्या पुतण्यानें विचारिलें. त्याचें उत्तर स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांतील एका प्रयोगांत आहे. तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. सडपातळ बांध्याच्या ३९ तरुण स्त्रीपुरुषांस सात आठवडे नेहमीच्या आहारावर आणखी छोटे केक खावयास दिले. एका गटाच्या केकांत पाम तेल होतें, म्हणजे संपृक्त मेदाम्लें अधिक. दुसऱ्याच्या केकांत सूर्यफुलाचें तेल होतें. दोन्ही गटांचें वजन सरासरीनें सारखेंच, म्हणजे सुमारें १.६ किलो वाढलें. वजनाच्या कांट्यास दोघांत कांहींच भेद दिसला नसता. परंतु यंत्रानें शरीराच्या आंत पाहिलें तेव्हां पाम तेल खाणारांच्या यकृतांत आणि पोटांत चरबी कितीतरी अधिक सांचलेली आढळली. सूर्यफूलवाल्यांच्या वाढीव वजनांत चरबीखेरीजच्या ऊतकांचा वांटा अधिक होता. त्यांच्या चरबीच्या ऊतकांतील जनुकांची हालचालही दोन गटांत निरनिराळी दिसली. सरपण सारखें, निरोप निराळे, आणि म्हणून फळ निराळें.

येथवर गोष्ट सर्व मनुष्यजातीची झाली. आतां जी सांगावयाची ती आपल्या पुण्याशीं निगडित आहे. जवस वा करडई ह्यांतून आलेल्या मूळ मेदाम्लांची सांखळी शरीर लांबवितें व तींतून मेंदू, डोळे आणि रक्त ह्यांस लागणारीं लांब मेदाम्लें बनवितें. मासे व मांस खाणारांस हीं लांब आम्लें आयतीं मिळतात. शाकाहारी मनुष्यास तीं बहुतांशीं घरींच घडवावीं लागतात. ह्या कामाचें एक मुख्य जनुक म्हणजे फॅड्स-२. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं पुण्याच्या संशोधकांसह केलेला एक अभ्यास २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पुण्यांतील, बहुतेक शाकाहारी अशा २३४ लोकांचें हें जनुक तपासलें होतें. त्या जनुकाजवळ २२ अक्षरांची एक जास्तीची ओळ कांहीं लोकांत असते आणि कांहींत नसते. मातेकडून एक व पित्याकडून एक, अशा दोन्ही प्रतींत ही ओळ असणारे लोक पुण्यांतील गटांत ६८ टक्के निघाले. अमेरिकेंतील ३११ लोकांत ते अवघे १८ टक्के होते. ज्यांच्यांत ही ओळ आहे त्यांचें शरीर लांब मेदाम्लें अधिक जोमानें घडवितें. ज्या समाजांनीं पिढ्यान् पिढ्या शाकाहार केला, त्यांच्यांत अशा ओळीची माणसें टिकून वाढलीं असावींत, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं ग्रीनलंडच्या इनुइट लोकांविषयीं नेमकी उलट गोष्ट प्रसिद्ध झाली होती. पिढ्यान् पिढ्या सील व मासे ह्यांच्या चरबीवर राहिलेल्या त्या लोकांत ह्याच जनुकांचें असें रूप प्रबळ आढळलें कीं, जें हें घडविण्याचें काम कमी करितें. कारण लांब मेदाम्लें त्यांस समुद्र आयतीं देतो.

आम्हीं हें घरांत वाचून दाखविलें तेव्हां मातोश्रींचा चेहरा उजळला. “म्हणजे आपल्या कुळाचा आचार रक्तांतच उतरला म्हणावयाचा,” असें त्या म्हणाल्या. त्यांच्या आनंदावर विरजण घालणें आमच्या जिवावर आलें. परंतु शास्त्राची गोष्ट अर्धी सांगूं नये. ही ओळ कोण्या एका जातीची वा कुळाची मिरास नाहीं. आफ्रिकेंतील लोकांतही ती पुष्कळ आढळते. शिवाय ६८ टक्के म्हणजे सर्व नव्हेत. एका छपराखालीं राहणाऱ्या माणसांची पोथी एकच असते असेंही नाहीं. आमच्या घरांत मातोश्री एका घराण्यांतून आल्या, वहिनी दुसऱ्या, आणि धाकट्या सूनबाई तिसऱ्या. एकत्र कुटुंबाची चूल एक असली तरी पोथ्या अनेक असतात. म्हणून ‘तुझ्या सासऱ्यांस मानवलें तें तुलाही मानवेल’ हा पुरावा पुरा पडत नाहीं, आणि ‘बाबांस वर्ज्य तें सर्वांस वर्ज्य’ हाही पुरा पडत नाहीं.

आणखी एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. वरील अभ्यासावरून कोणी असा तर्क करतील कीं, आपल्या लोकांत ओमेगा-६ पासून लांब मेदाम्लें जोमानें बनतात, त्यांतील कांहींपासून दाह वाढविणारीं द्रव्यें होतात, तेव्हां सूर्यफूल व करडई हीं आपल्यास विषासमान. ही भीति संशोधकांनींही बोलून दाखविली होती. पण ती भीति होती, सिद्धान्त नव्हता. २०१९ सालीं १३ देशांतील ३० पाहण्यांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. त्यांत ६८ हजारांहून अधिक लोक होते. ज्यांच्या रक्तांत लिनोलेइक आम्ल अधिक, त्यांस हृदय व रक्तवाहिन्या ह्यांचे विकार कमी झाल्याचें त्यांत आढळलें. करडई तर दख्खनच्या पठारावर आजकालची नव्हे. तेव्हां करडईच्या तेलास भिण्याचें कारण नाहीं. चिंता करावयाची ती ओमेगा-३ च्या उणिवेची. जुन्या घरांत जवसाची चटणी पानाच्या डाव्या बाजूस नित्य असे. बाळंतिणीस अळिवाचे लाडू दिल्यावांचून बाळंतपण पुरें होत नसे, आणि अळिवाच्या तेलांतही ओमेगा-३ चा अंश सुमारें तिसरा हिस्सा असतो. आम्हीं नवीं तेलें घरांत आणलीं, हें वावगें नाहीं. त्यांबरोबर चटणी मात्र पानावरून उठविली, हें वावगें झालें.

हें सर्व ऐकून झाल्यावर निर्णय करावयास आम्ही बसलों, तेव्हां मार्ग दाखविला तो आमच्या शास्त्रवाचनानें नव्हे, तर वाढण्याच्या जुन्या रीतीनें. तेल कढईंत पडतें आणि साऱ्या घराच्या पोटांत जातें. तूप मात्र पानावर, माणसागणिक, हातानें वाढलें जातें. म्हणून तेल घराचें ठरवावें आणि तूप माणसाचें ठरवावें, ही गोष्ट वहिनींनींच प्रथम बोलून दाखविली, व ती सर्वांस पटली. घरासाठीं शेंगदाण्याचें व करडईचें तेल आळीपाळीनें वापरावें, पण बेतानें. एकदां तळून उरलेलें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये. आणि जवस भाजून, कुटून केलेली चटणी रोज पानांत असावी, असें ठरलें. सबंध जवस न चावतां गिळले तर तसेच बाहेर पडतात, म्हणून कुटणें अवश्य.

तुपाचा हिशेब असा झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं दिलेला सल्ला असा कीं, दिवसाच्या एकूण कॅलरींपैकीं दहा टक्क्यांहून अधिक संपृक्त मेदाम्लांतून येऊं नयेत. ज्यास २,००० कॅलरी लागतात त्यास ही मर्यादा सुमारें २२ ग्रॅम पडते. चहाचा एक चमचा तूप म्हणजे सुमारें ५ ग्रॅम, आणि त्यांत संपृक्त अंश सुमारें ३ ग्रॅम. दूध, दही, खोबरें ह्यांचा वांटा वजा केला तरी निरोगी माणसास वरणभातावर चमचाभर तुपाची धार ह्या मर्यादेंत बसते. बंधूंचें प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीं ठरवावें, आणि त्यांत घरानें हात घालूं नये. धाकट्या सूनबाईस तिच्या डॉक्टरीणबाईंनीं तुपाची बंदी केली नाहीं. गर्भाच्या मेंदूस व डोळ्यांस डीएचए हें लांब ओमेगा-३ मेदाम्ल लागतें. जवसांतील मूळ आम्लापासून शरीर तें बनवितें, पण फारच थोडें. तरुण स्त्रियांचें शरीर तें पुरुषांपेक्षां अधिक बनवितें, हें त्यांतल्या त्यांत समाधान. मासे तरी हें आम्ल मुळांत समुद्रांतील सूक्ष्म शैवालांपासूनच मिळवितात. त्या शैवालांपासून काढलेल्या शाकाहारी गोळ्याही आतां मिळतात. त्यांतलीच एक डॉक्टरीणबाईंनीं तिला लिहून दिली.

आणि खारीचा डबा? तो मात्र सर्वानुमतें उठला. वनस्पति तूप बनवितांना तेलांत हायड्रोजन घालून तें थिजवीत. त्यांत ट्रान्स नांवाचीं वांकडीं मेदाम्लें तयार होत, आणि तीं एलडीएल वाढवून हितकर कोलेस्टेरॉल घटवितात. हिंदुस्थान सरकारच्या नियमानें जानेवारी २०२२ पासून तुपातेलांत ट्रान्स मेदाम्लांचा अंश दोन टक्क्यांहून अधिक असूं नये, असें ठरलें आहे. हें चांगलेंच झालें. तरी थिजलेल्या चरबीवांचून खारीस पदर सुटत नाहींत, आणि ट्रान्स गेलीं म्हणून संपृक्त अंश गेला असें होत नाहीं. आम्ही तुपास शत्रु मानून दाराबाहेर काढीत होतों, आणि त्याहून वाईट पाहुण्यास रोज चहास बोलावीत होतों.

श्रावणांत घरांत कन्यारत्न आलें. मातोश्रींनीं स्वतः बसून अळिवाचे लाडू वळविले. ओलें खोबरें किती घालावें, ह्यावर सासूसुनांचा थोडा वाद झाला, पण तो पंक्ति उठेपर्यंत मिटला. बारशाच्या दिवशीं पानें मांडलीं, तेव्हां तुपाचें भांडें मातोश्रींच्याच हातीं होतें. प्रत्येकाच्या पानावर त्यांनीं त्याच्या त्याच्या मानानें धार धरिली. बंधूंच्या पानाशीं त्या क्षणभर थांबल्या, वहिनींकडे त्यांनीं पाहिलें, आणि भातावर एक थेंब सोडला. “अन्नशुद्धीपुरतें,” त्या म्हणाल्या. वहिनी हंसल्या, आणि त्यांनीं पुढच्या पानावर जवसाची चटणी वाढली.

असो. आमच्या वाचकांच्या घरींही असे वाद असतील. त्यांचा निकाल वयाच्या वा अधिकाराच्या जोरावर न करितां, कोणाच्या पानावर काय व किती, हें माणसागणिक ठरविलें जावें, एवढीच आमची विनंति आहे.